खालच्या बाजूची रेघ

मी आयुष्यात अनेक पत्रांना उत्तरं दिली नाहीत. त्यातलं एक पत्र मात्र नऊ वर्षं माझ्या मानगुटीवर बसून राहिलं. रेघांच्या वहीतून फाडलेल्या कागदावर मोजून चार ओळी होत्या:

"साहेब, तुमच्या मायक्रोस्कोपमधून मला रेघ दिसली होती. आता सगळे म्हणतात, मशीनवाल्याला भिंगातून काय कळणार. मला दुसरं काही नको. रेघ होती की नव्हती, एवढंच लिहा."

खाली सही आणि पत्ता. बायको वर्षातून एकदा पुस्तकांचं कपाट आवरायची, तेव्हा ते पत्र तिच्या हाताला लागायचं. ती ते माझ्यापुढे ठेवायची आणि चहा टाकायला निघून जायची. मी ते दुसऱ्या एखाद्या पुस्तकात सरकवायचो. आमच्या घरात या विषयावर झालेलं बोलणं एवढंच.

पत्र लिहिणाऱ्याला कारखान्यात सगळे दशांश म्हणत. त्याच्या खिशात कायम मोजायची पट्टी असे, आणि वेळ विचारली तरी हा दशांश चिन्हानंतरचं सांगेल, असं लोक हसायचे. तो वेल्डिंगच्या मशीनवर होता. हे वेल्डिंग ठिणग्यांचं नव्हे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन जाड पत्रे कडेला कडा लावून घट्ट आवळायचे, आणि टोकाला छोटी पिन असलेलं एक फिरतं टूल सांध्यात दाबून पुढे सरकवत न्यायचं. घर्षणाने धातू तापतो, मऊ पडतो, पण वितळत नाही. पीठ मळावं तसा तो मळला जातो आणि दोन पत्र्यांचा एक होतो. वरून पाहिलं तर सांध्यावर चंद्रकोरींची एक माळ उमटलेली दिसते, एकीमागे एक. दशांशच्या माळेतल्या कोरींमध्ये केसाचाही फरक नसे.

त्याने जोडलेलं आतून पाहणं हे माझं काम. सांध्याचा आडवा तुकडा कापायचा, काळ्या रेझिनच्या वडीत बसवायचा, बारीक, आणखी बारीक कागदावर घासत आरशासारखा करायचा, मग सौम्य ॲसिडमध्ये काही सेकंद बुडवायचा. ॲसिड धातू जरासा खातं आणि त्याचे कण उघडे पडतात. मूळ पत्र्यात ते लाटलेले असल्यामुळे लांबट आणि चपटे असतात. मळलेल्या गाभ्यात ते मोडून पुन्हा जन्मल्यासारखे असतात, बारीक, गोलसर, एकसारखे. गाभ्याच्या कडेला ते वाऱ्याने वाकवलेल्या गवतासारखे वर ओढलेले दिसतात. त्याच्याही बाहेर एक पट्टा असतो, तिथले कण दिसायला मूळ पत्र्यासारखेच, पण आच लागून आतून नरम पडलेले. तो पट्टा भिंगाला कळत नाही, कडकपणा मोजला तरच कळतो. मी तीस वर्षं हे पाहिलं. माणसांकडे पाहायला मला फारसं जमलं नाही, पण या कणांकडे मी तासन् तास पाहू शकायचो.

तेव्हाच्या लॅबमध्ये एक पद्धत होती आणि ती मला फार आवडायची, कारण ती माझ्याच स्वभावाची होती. नमुन्यात काही विपरीत दिसलं, तर पहिला संशय आपल्या हातावर घ्यायचा. घासताना ओरखडा राहिला असेल, ॲसिड जास्त लागलं असेल. पुन्हा पॉलिश करायचं, पुन्हा बघायचं. इतर लोक ही पद्धत नियम म्हणून पाळायचे. मी ती श्रद्धेने पाळायचो.

दहा वर्षांपूर्वी पत्र्यांची एक नवी खेप आली. होडीवर चढण्या-उतरण्याच्या रॅम्पसाठी ते पत्रे जोडायचे होते. जाडी सहा मिलिमीटर हवी होती. दशांशने मोजली ती सव्वासहा भरली. त्याच्या टूलची पिन सहाच्या हिशोबाने, खाली टेकू नये म्हणून पाव मिलिमीटर आखूड, बनवलेली होती. सांध्याच्या तळाशी न ढवळलेला धातू राहील, मला लांब पिन द्या, असं त्याने वर सांगितलं. वरून उत्तर आलं की एक नमुना जोड, लॅबने पास केला तर याच पिनने चालू दे.

नमुना घेऊन तो स्वतः आला. दिलेल्या खुर्चीवर बसला नाही, उभाच राहिला. मी तुकडा कापला, घासला, ॲसिडमध्ये धरला. पंधरा सेकंद धरायचा असतो. तेवढ्यात फोन वाजला आणि माझे आकडे चुकले. पंधरा झाले की तीस, मला सांगता येईना. धुऊन, वाळवून भिंगाखाली ठेवला. गाभा सुंदर दिसत होता. पण अगदी तळाशी, खालच्या कडेपासून वर जाणारी एक काळी रेघ होती. केसाहून बारीक, तुटक, जरा वळलेली.

मी बराच वेळ डोळा काढला नाही. शेवटी त्याने विचारलं, मी पाहू का? मी सरकलो. त्याने एक डोळा मिटला, भिंगाला दुसरा लावला आणि म्हणाला, "साहेब, ही खालची रेघ कसली?"

"माझा हात चुकला असेल," मी म्हणालो.

तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. निदान पन्नास टक्के वाटलं होतं. उरलेले पन्नास टक्के मी मोठ्या साहेबांकडे नेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी रेघ पाहिली, घड्याळ पाहिलं आणि एकच विचारलं, की ही रेघ धातूची आहे, ॲसिडची नाही, याची तुम्हाला खात्री आहे का? असल्यास आता काम थांबवतो.

खात्री हा शब्द ऐकला की माझे हातपाय गळतात. घराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरलो तरी मी परत जाऊन ओढून बघणारा माणूस. मी नमुना पुन्हा पॉलिश केला आणि या वेळी ॲसिड दहाच सेकंद लावलं. रेघ फिकी झाली. तिसऱ्यांदा सात सेकंद. रेघ गेली. मी लिहिलं: दोष आढळला नाही. पहिल्या दोन वेळचा उल्लेख केला नाही. आपल्या हाताच्या चुका रिपोर्टात कोण लिहितो?

ॲसिड कमी लावलं तर असली रेघ दिसेनाशी होते, हे मी त्यानंतर पुष्कळ पुस्तकांत वाचलं. पत्र्याच्या कडेवर ऑक्साइडची एक पातळ साय असते. पिन तळापर्यंत पोचली नाही, तर ती साय मोडत नाही. तिथे दोन पत्रे एकमेकांना टेकलेले असतात, जुळलेले नसतात. दाब असेपर्यंत ते एकच वाटतात.

सात महिन्यांनी एका धक्क्यावर रॅम्प सांध्यावर फाटला. एक शिक्षिका फटीत पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. कारखान्याने त्या खेपेचे सगळे रॅम्प काढून आणले, आणि मग चौकशी बसली. लॅबचा नमुना स्वच्छ होता, तेव्हा पद्धत बरोबर होती. पद्धत बरोबर होती, तेव्हा चूक माणसाची. दशांशने सांगितलं की मी स्वतःच्या डोळ्यांनी रेघ पाहिली होती. समोरचे हसले, असं नंतर कळलं. मला बोलावून विचारलं तेव्हा मी म्हणालो, रिपोर्टात आहे ते आहे. म्हटलं तर यात एकही शब्द खोटा नव्हता. त्याचं मशीन चालवायचं प्रमाणपत्र रद्द झालं. मग ते चार ओळींचं पत्र आलं.

मी उत्तराला बसायचो. "रेघ होती" असं लिहिलं की वाटायचं, तुझी खात्री कुठे आहे? "नव्हती" असं लिहिलं की पेनच पुढे जायचं नाही. मी निवृत्त झालो. वाचत राहिलो.

गेल्या महिन्यात लॅबमधून फोन आला. तिथे आता प्रमुख असलेली बाई एकेकाळी माझ्या हाताखाली पॉलिश करायला शिकली होती. तिने सांगितलं की दहा वर्षं पूर्ण झालेले नमुने आज भंगारात जाणार आहेत, आणि नियम असा आहे की ज्याची सही, त्याला आधी कळवायचं. मी नमुन्याचा क्रमांक विचारला. तिने वाचून दाखवला. रॅम्पच्या नमुन्याची उरलेली अर्धी पट्टी, मी न वापरलेली. बोलता बोलता ती हेही बोलून गेली की दशांश दरवर्षी फेरविचाराचा अर्ज करतो आणि नवा पुरावा नाही म्हणून दरवर्षी तो परत जातो. नमुन्याला दहा वर्षं झाली की चौकशीची फाइलही बंद. या वर्षीचा अर्ज टेबलावर पडून आहे. तो शेवटचा.

"तो आता करतो काय?" मी विचारलं.

खिडक्यांच्या चौकटी कापतो, असं ती म्हणाली. दुसऱ्याच्या दुकानात.

भंगाराची गाडी एकला येणार होती. मी साडेअकराला फाटकाशी पोचलो. पहारेकरी नवा होता. कोणाकडे काम आहे असं त्याने विचारलं. मी म्हणालो, भंगाराकडे. त्याने वहीत खरोखरच तसं लिहिलं आणि भेटीचं कारण विचारलं. मी म्हणालो, जुनी ओळख.

नव्या मॅडमने मला पट्टी काढून दिली. तळहाताएवढी रुंद, धुळीने मळलेली. मी तिला अहो-जाहो करू लागलो तसं ती म्हणाली, सर, मला 'अगं' म्हणा नाहीतर मी तुम्हाला पट्टी देणार नाही. मी तिला सांगितलं की ही वाकवून बघायची आहे. का, ते सांगितलं नाही. तिने करवतीवरच्या माणसाला बोलावून पट्टीतून दोन समान चिपा कापून घेतल्या. दोनच निघाल्या. बाकीचा धातू पकडीच्या खुणांनी खराब झालेला होता.

वाकवायचं यंत्र साधं असतं. दोन रुळांवर चीप आडवी ठेवायची, वरून गोल टोकाचा दांडा दाबत आणायचा. चीप इंग्रजी यू अक्षरासारखी वाकते. वरची बाजू आवळली जाते, खालची ताणली जाते. खाली ताणात काही टेकलेलं असेल, जुळलेलं नसेल, तर ते उघडं पडतं. या चाचणीला माझ्या हाताचा भरवसा लागत नाही, म्हणूनच बहुधा मी आयुष्यभर तिच्यापासून लांब राहिलो.

मॅडम भंगारवाल्याच्या कागदांवर सह्या करायला दाराशी गेली. चीप रुळांवर मी ठेवली. यंत्रावरच्या प्रेसवाल्याने बटण दाबलं.

वीस अंश. चाळीस. मला ती तुटायला हवी होती की नको होती, हे मी आजही सांगू शकत नाही. तुटली तर मी एका माणसाचं आयुष्य नासवलं होतं. नाही तुटली तर तो इतकी वर्षं खोटं बोलत होता, आणि मी सज्जन होतो. साठ. नव्वद. दांडा शेवटपर्यंत खाली गेला. प्रेसवाल्याने चीप काढून माझ्या हातात दिली. कोमट होती. बाहेरच्या वळणावर चंद्रकोरी ताणून लांब झाल्या होत्या, पण भेग कुठेच नव्हती.

मॅडम परत आली, तिने चीप उजेडात फिरवली, अंगठ्याने वळण चाचपलं. पास, ती म्हणाली. एकदम पास. आणि मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाली की सर, तुमचा रिपोर्ट कधी चुकत नसे.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. मी चीप परत घेतली आणि सवयीने क्रमांक शोधला. क्रमांक वळणाच्या आतल्या बाजूला होता.

मी तिथेच थांबलो. नमुन्यावर क्रमांक ठोकताना तो आम्ही चंद्रकोरींवर ठोकत नाही, नीट उमटत नाही. तो मागच्या सपाट अंगावर ठोकतो, म्हणजे सांध्याच्या तळाच्या बाजूला. आणि लॅबच्या माणसाचा हात कुठलाही नमुना टेबलावर ठेवताना क्रमांक वर ठेवतो, फोटोत यावा म्हणून. मी चीप तशीच ठेवली होती. क्रमांक वर, म्हणजे तळ वर. जी बाजू ताणायची ती मी आवळली होती. रेघ असेल तर ती या वाकण्यात आणखी घट्ट मिटली असणार.

कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. प्रेसवाला हात पुसत होता. मॅडमने दुसरी चीप भंगाराच्या पेटीकडे नेण्यासाठी उचललीच होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त मूग गिळून उभं राहायचं होतं, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

मी मॅडमच्या हातातली चीप धरली. ती चमकली. दोघेही ती धरून उभे.

"उलटी ठेवली गेली," मी म्हणालो. आणि मग दुरुस्त केलं, "मी उलटी ठेवली."

तिने वाकलेली चीप पुन्हा पाहिली, क्रमांक पाहिला, आणि तिचा चेहरा बदलला. ती दाराशी गेली आणि भंगारवाल्याला अर्धा तास थांब म्हणाली. त्याने काहीतरी कुरकुर केली. तिने परत येऊन दुसरी चीप स्वतःच्या हाताने ठेवली, चंद्रकोरी वर, तळ खाली, आणि मला विचारलं, बरोबर? मी मान डोलावली. तिने प्रेसवाल्याला हळू घ्यायला सांगितलं आणि खाली वाकून रुळांमध्ये टॉर्च धरला. मीही वाकलो. गुडघे दुखत होते.

दहा अंश, काही नाही. वीस, काही नाही. तिसाच्या पुढे तळाच्या मधोमध एक रेघ दिसली, पेन्सिलीने ओढल्यासारखी. आवाज झाला नाही. पस्तिसाला ती चिपेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. पन्नासाला ती उघडली.

"बास," मॅडम म्हणाली.

तिने चीप भिंगाखाली धरली आणि मला जागा करून दिली. भेगेच्या आत, तळाशी अर्धा मिलिमीटर उंचीची एक सपाट, मंद पट्टी होती. पत्र्याची कडा कापताना कटरचे जे ओरखडे पडतात, ते तिच्यावर जसेच्या तसे होते. जोडण्याआधीचे. म्हणजे तिथपर्यंत पिन पोचलीच नव्हती. तिथला एकही कण मळला गेला नव्हता. त्याच्या वर मात्र धातू फाटलेला, खरखरीत, प्रामाणिकपणे तुटलेला.

तिने खुर्ची दिली. मी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. फोन, पंधरा की तीस सेकंद, दशांशचा मिटलेला डोळा, दुसरं पॉलिश, तिसरं पॉलिश. माझं बोलून झालं तेव्हा ती म्हणाली की नुसती तुटलेली चीप म्हणजे पुरावा नव्हे. लोक म्हणतील दहा वर्षं पडून होती, कुणाची कुठून आली. पहिल्या वेळी काय दिसलं हे सांगणारं कोणीतरी लागेल, आणि ते सांगणाऱ्याला चौकशीत उभं करून सोलून काढतील. तीनदा पॉलिश का केलं, हे विचारतील. त्या पडलेल्या बाईंचे लोकही विचारतील.

"लिहून देऊ शकाल, सर?"

मी कागद मागितला. पहिला मसुदा मी "मला असं वाटतं की" असा सुरू केला. तिने तो वाचला आणि परत दिला. दुसऱ्यात मी "पाहिली" असं लिहिलं. वेळ, नमुना क्रमांक, सेकंद, कोण हजर होतं. दशांशलाही तीच रेघ दिसली होती आणि त्याने ती मला बोलून दाखवली होती, हे वेगळ्या ओळीत लिहिलं. खाली सही केली. मॅडमने तो कागद, दोन्ही चिपा आणि भेगेचे फोटो त्याच्या अर्जाला जोडले आणि शिक्का मारला. भंगारवाला बाकीचं घेऊन गेला.

घरी आलो तेव्हा बायकोने चेहरा पाहून विचारलं, कोण गेलं? कोणी नाही, म्हटलं. मी कपाटातून ते पत्र शोधू लागलो. चार पुस्तकं उपसली तरी सापडेना. तिने पाचवं पुस्तक काढून त्यातून ते मला दिलं. कुठे आहे हे तिला कायम ठाऊक असायचं.

"आता काय लिहिणार?" ती म्हणाली.

"त्याने विचारलंय तेवढंच."

"नऊ वर्षं लागली एवढ्याला."

मी टेबलाशी बसलो. दिलगिरीचं एक पान लिहिलं आणि फाडलं, कारण त्यात सगळा मीच होतो. दुसऱ्या कागदावर लिहिलं की रेघ होती, पहिल्याच वेळी होती, तुम्ही पाहिली ती खरी होती. मी ती पॉलिश करून घालवली आणि नंतर गप्प बसलो. आज उरलेली पट्टी वाकवली, ती तळातून पस्तीस अंशांना उघडली. अर्धा मिलिमीटर धातू ढवळला गेला नव्हता, तुमची मोजणी बरोबर होती. माझा जबाब तुमच्या अर्जाला जोडला आहे, आणि बोलावतील तेव्हा मी येऊन हेच सांगेन. खाली माझं नाव लिहिलं. एवढं लिहून मी पुन्हा वाचायला घेतलं, तसं बायकोने हातातून कागद काढून घेतला, घडी घातली आणि पाकिटात सारला. तू वाचत बसलास की झालं, असं ती पुटपुटली. एरवी मला ती अहो-जाहो करते.

पत्ता मी उतरवला. तो अजून तिथे राहतो की नाही, ठाऊक नव्हतं, म्हणून दुसरं पाकीट खिडक्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर केलं आणि पत्राची नक्कल त्यात घातली. कोपऱ्यावरच्या पेटीतलं शेवटचं टपाल पाचला निघतं. पाचला दहा मिनिटं कमी होती. मी चपला घातल्या, रस्ता ओलांडला, पहिलं पाकीट पेटीत टाकलं, आणि त्याच्यामागे दुसरं.